टिंबाआडचा संसार

टंकलिखित हुकुमांवर संगणक चालविणाऱ्या मनुष्याचें घर पाहावयाचें असेल, तर त्याच्या पडद्याकडे पाहून कांहीं कळत नाहीं. पडदा सर्वांचा सारखाच काळा आणि सारखाच ओकाबोका. खरें बिऱ्हाड असतें तें टिंबाआड. कोणत्या लांबलचक हुकुमास त्यानें कोणतें दोन अक्षरी नांव दिलें आहे, लिहावयास बसतां कोणती कळ दाबली म्हणजे देवनागरी उमटावी, कोणत्या सर्व्हरास कोणत्या नांवानें हांक मारावी, हें सारें त्यानें वर्षानुवर्षें लहान लहान फायलींत टिपून ठेविलेलें असतें. या फायलींच्या नांवांच्या आरंभीं टिंब असतें, म्हणून त्यांस डॉटफायली म्हणतात.

आमच्या वाचकांच्या घरीं मुलगा, मुलगी, सून, जांवई यांपैकीं कोणी तरी टर्मिनलवर काम करून पोट भरीत असतो. आणि आमच्यासारखे कांहीं निवृत्त शिक्षकही संस्कृत ग्रंथांच्या मुद्रणप्रती सिद्ध करण्याच्या निमित्तानें त्याच वाटेस लागले आहेत. पूर्वीं एका यंत्रावर काम भागत असे. आतां घरीं एक, कचेरींत दुसरें, मांडीवर घेण्याचें तिसरें आणि दूर कोठें तरी भाड्यानें घेतलेला सर्व्हर हें चौथें, अशी स्थिति झाली आहे. चारही ठिकाणीं मनुष्य तोच, हात तेच. परंतु टिंबाआडचा संसार मात्र चार तऱ्हांचा. तो एक कसा करावा, आणि एक करतांना घराच्या किल्ल्या रस्त्यावर कशा पडूं देऊं नयेत, हा आमचा या मासाचा विषय आहे.

आधीं हें टिंब आलें कोठून तें सांगतों. अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतीं बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन थॉम्प्सन, डेनिस रिची आदि मंडळींनीं युनिक्स नांवाच्या प्रणालीस आरंभ केला. तींत प्रत्येक फोल्डरांत दोन नोंदी आपोआप असतात: एक टिंब म्हणजे ‘हाच फोल्डर’ आणि दोन टिंबें म्हणजे ‘याच्या वरचा फोल्डर’. फायलींची यादी दाखविणारा जो ‘एलएस’ हुकूम, त्यानें या दोन नोंदी वगळाव्या अशी इच्छा होती. ती पुरी करण्यासाठीं ‘नांवाचें पहिलें अक्षर टिंब असेल तर वगळ’ एवढीच कसोटी लिहिली गेली. आणि परिणामीं टिंबानें आरंभ होणारी कोणतीही फाईल यादींतून दिसेनाशी झाली. त्याच प्रयोगशाळेंत काम केलेले रॉब पाइक यांनीं २०१२ सालीं ही हकीकत सांगून, या आळसाची किंमत पुढच्या लोकांनीं किती मोजली याबद्दल खेद व्यक्त केला आहे. न्यायशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यास अतिव्याप्ति हा दोष पहिल्याच धड्यांत शिकवितात. गाईचें लक्षण ‘शिंगें असणें’ असें केलें, तर म्हैसही गाय ठरते. टिंबाच्या बाबतींत नेमकें हेंच झालें. आणि त्या दोषाच्या आडोशाला पुढें प्रत्येक प्रोग्रॅमानें आपलें सामान आणून ठेविलें.

नांवाच्या शेवटीं दिसणारें ‘आरसी’ तर याहूनही जुनें. एमआयटी या विद्यापीठांतील सीटीएसएस प्रणालीसाठीं लुई पूझँ यांनीं १९६० नंतरच्या दशकांत ‘रनकॉम’, म्हणजे लिहून ठेविलेले हुकूम ओळीनें चालविण्याची सोय, करून दिली होती. तिचा हा अवशेष. तेव्हां ‘.बॅशआरसी’ या नांवाचा विग्रह करावयाचा झाला तर तो असा होईल: बॅश नांवाचा जो शेल, त्यानें उघडतांक्षणीं चालवावयाच्या हुकुमांची, यादींत न दिसणारी फाईल. ही यादी पाहावयाची असल्यास ‘एलएस -ए’ असा हुकूम द्यावा. ज्यांनीं तो आजवर कधीं दिला नसेल, त्यांस आपल्याच घरांत इतके भाडेकरू राहतात हें पाहून नवल वाटेल.

या फायलींची किंमत काय, असें कोणी विचारील. एकेक ओळ सुटी पाहिली तर कांहींच नाहीं. परंतु प्रत्येक ओळीमागें एक अडचण असते, आणि ती अडचण दूर करण्यांत गेलेली एक संध्याकाळ असते. आमच्या इमॅक्सच्या फायलींत एक ओळ आहे. तिच्यामुळें प्रोग्रॅम उघडला कीं देवनागरी-इट्रान्स ही टंकनपद्धति एका कळीसरशी हाताशीं येते. दुसऱ्या एका ओळीनें टिपांचा फोल्डर तीन अक्षरांत उघडतो. अशा शेंदोनशें ओळी जमल्या म्हणजे तें त्या मनुष्याच्या हातांचें चरित्रच होतें. डिस्क बिघडली तर ग्रंथाची एखादी प्रत कोठें तरी सांपडते, कारण ग्रंथ जपावयाचा असतो हें सर्वांस ठाऊक असतें. या फायली मात्र डोळ्यांस दिसत नाहींत, आणि म्हणूनच जपल्या जात नाहींत.

यावर सर्वांस प्रथम सुचतो तो उपाय म्हणजे नक्कल. घरच्या यंत्रावरील फाईल पेनड्राईव्हवर घ्यावी आणि कचेरींतील यंत्रावर उतरवावी. पहिल्या दिवशीं दोन्ही प्रती अगदीं जुळतात. सोमवारीं कचेरींत एक सुधारणा होते, गुरुवारीं घरीं दुसरी होते, आणि महिन्याअखेर कोणती प्रत खरी हें सांगण्यास तिसरा मध्यस्थ लागतो. ज्यांनीं हस्तलिखितें हाताळलीं आहेत, त्यांस हें दुखणें नवें नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं त्याची धुरा वाहिली, आणि तें पुरें व्हावयास १९६६ साल उजाडलें. निरनिराळ्या प्रांतांतील, निरनिराळ्या लिपींतील प्रती ताडून पाठ निश्चित करण्यास विद्वानांच्या दोन पिढ्या लागल्या. परंतु त्या लेखकांना दोष देतां येत नाहीं. काश्मीरांतला लेखक आणि केरळांतला लेखक यांची कधीं गांठही पडली नव्हती. आमच्या चार यंत्रांवरील चार पाठ मात्र एकाच लेखकानें, एकाच महिन्यांत बिघडविलेले असतात.

म्हणून पहिला नियम असा, कीं मूळ प्रत एकच असावी आणि तिला इतिहास असावा. या दोन्ही गोष्टी गिट या साधनानें साधतात. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं तें २००५ सालीं लिनक्सच्या गाभ्याचें काम सांभाळण्यासाठीं लिहिलें. परंतु हजारों लोकांच्या कामास जें पुरतें, तें एका मनुष्याच्या चार यंत्रांस कां पुरूं नये? रीत सोपी आहे. आपल्या घरफोल्डरांत ‘डॉटफाईल्स’ नांवाचा एक साधा, टिंब नसलेला फोल्डर करावा. खऱ्या फायली तेथें हलवाव्या, आणि त्यांच्या जुन्या जागीं ‘एलएन -एस’ या हुकुमानें केवळ दुवा ठेवावा. प्रोग्रॅम जुन्याच जागीं पाहतो, दुवा त्यास नव्या जागीं नेतो, आणि त्याला कांहीं बदलल्याचें कळतही नाहीं. मग त्या फोल्डराचें गिटचें भांडार करावें, आणि त्याची एक प्रत खाजगी म्हणून दूरच्या सर्व्हरावर ठेवावी. दुसऱ्या यंत्रावर भांडार उतरवून घेतलें आणि दुवे बांधले, कीं बिऱ्हाड हललें. पुढें बसतांना ‘गिट पुल’ आणि उठतांना ‘गिट कमिट’ व ‘गिट पुश’ एवढा नेम पाळावा. संध्येसारखा तो वेळच्या वेळीं झाला तरच उपयोग. आठवड्यानें एकदम केला तर पुन्हां पाठभेदांचा निवाडा करीत बसावें लागतें.

दुवे हातानें बांधण्याचा कंटाळा असेल, त्यांच्यासाठीं ग्नू प्रकल्पाचा ‘स्टो’ हा जुना आणि गरीब स्वभावाचा प्रोग्रॅम आहे. डॉटफाईल्सच्या आंत ‘बॅश’, ‘विम’, ‘गिट’ असे खण करावे, आणि तेथें उभें राहून ‘स्टो बॅश’ म्हणावें. त्या खणांतील फायलींचे दुवे तो वरच्या फोल्डरांत, म्हणजे आपल्या घरफोल्डरांत, आपण होऊन बांधतो. त्या जागीं आधींच खरी फाईल असेल तर तो तिच्यावर हात टाकीत नाहीं. अडून बसतो, आणि हें त्याचें मोठें सद्गुण आहे. ‘अडॉप्ट’ हा पर्याय दिला असतां मात्र तो जाग्यावरची फाईल उचलून भांडारांतल्या प्रतीच्या जागीं ठेवितो. तेव्हां तो देण्यापूर्वीं भांडार कमिट केलेलें असावें, आणि दिल्यानंतर ‘गिट डिफ’नें फरक पाहावा.

दुव्यांच्या रीतींत एक खोंच आहे. कांहीं प्रोग्रॅम फाईल जतन करतांना जुन्या फायलींत लिहीत नाहींत. नवी फाईल लिहून तिला जुनीचें नांव देतात. अशा वेळीं दुवा पुसला जातो, त्याच्या जागीं खरी फाईल येते, आणि भांडारांतली प्रत मागें पडते. ‘एलएस -एल’ या हुकुमानें दुव्यापुढें बाण दिसतो. तो बाण आहे ना, हें अधूनमधून पाहावें. ज्यांस ही कटकट नको, त्यांच्यासाठीं ‘शेमुआ’ नांवाचें साधन आहे. फ्रेंच भाषेंत या शब्दांचा अर्थ ‘माझ्या घरीं’ असा होतो. हें दुवे बांधीत नाहीं. मूळ प्रतीवरून प्रत्येक यंत्रास योग्य अशी फाईल तयार करून तिच्या जाग्यावर ठेवितें. त्याचा ‘डिफ’ हा हुकूम काय बदलेल तें दाखवितो, आणि ‘अप्लाय’ हा तें प्रत्यक्ष बदलतो. पहिला दिल्याखेरीज दुसरा देऊं नये. साधन कोणतेंही घ्या. एक घ्या आणि तेंच पाळा.

आतां दुसरा नियम. यंत्रें सर्वस्वी सारखीं नसतात, आणि सारखेपणाचा हट्ट धरला तर पहिल्याच आठवड्यांत रीत मोडते. लिनक्सवर ‘सेड -आय’ हा हुकूम पुढें कांहीं न मागतां फाईल जागच्या जागीं बदलतो. मॅकवरील त्याच नांवाचा हुकूम जुन्या प्रतीस कोणतें शेपूट लावावें हें विचारल्याशिवाय पुढें सरकत नाहीं, मग तें शेपूट रिकामें कां असेना. ॲपल कंपनीनें २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून नव्या खात्यास झेडशेल दिला. मॅकबरोबर जो बॅश येतो तो अजून ३.२ क्रमांकाचा आहे, आणि २००९ च्या बॅश ४.० मध्यें आलेल्या नामांकित सूची त्यास ठाऊक नाहींत. विंडोजवर फाईल उतरविली तर प्रत्येक ओळीच्या शेवटीं एक अदृश्य चिन्ह वाढूं शकतें, आणि मग डोळ्यांस निर्दोष दिसणाऱ्या ओळीवर शेल अडखळतो. यास उतारा म्हणून भांडारांत ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ ही फाईल ठेवून, ओळींचा शेवट सर्वत्र एलएफ या चिन्हानेंच व्हावा असें तींत नमूद करावें.

आणखी एक नित्याचा घोटाळा. बॅश हा लॉगिनाचा शेल म्हणून उघडला तर ‘.बॅश_प्रोफाईल’ वाचतो, साध्या खिडकींत उघडला तर ‘.बॅशआरसी’ वाचतो. मॅकचें टर्मिनल प्रत्येक खिडकी लॉगिनाची समजतें, आणि लिनक्सवरील बहुतेक टर्मिनलें तसें समजत नाहींत. म्हणून एका यंत्रावर चालणारें टोपणनांव दुसऱ्यावर ओळखलेंच जात नाहीं, आणि बिचारा मनुष्य आपल्या स्मरणशक्तीस दोष देतो. ‘.बॅश_प्रोफाईल’मध्यें ‘.बॅशआरसी वाच’ अशी एक ओळ घातली कीं भांडण मिटतें.

अशा भेदांची व्यवस्था कशी लावावी हें आम्हांस पाणिनीच्या शास्त्रानें शिकविलें आहे. सर्वांस लागू तो उत्सर्ग. विशिष्ट ठिकाणीं लागू तो अपवाद. अपवाद आपली जागा घेतो, आणि उरलेल्या सर्व क्षेत्रांत उत्सर्ग चालतो. उत्सर्गांत अपवाद कालवावयाचे नसतात, नाहीं तर दोन्ही वाचतां येत नाहींत. त्याप्रमाणें सामान्य ‘.बॅशआरसी’ सर्व यंत्रांसाठीं एकच लिहावी, आणि तिच्या अगदीं शेवटच्या ओळींत ‘या यंत्राच्या नांवाची फाईल असेल तर ती वाच’ असें सांगावें. शेल वरून खालीं वाचीत जातो. एकाच नांवास दोन अर्थ दिले तर नंतरचा टिकतो. म्हणून अपवाद शेवटींच हवा. या अपवादांच्या फायली यंत्रांच्या नांवांनीं भांडारांतच ठेवाव्या. कारण भांडाराबाहेर ठेविलेली फाईल डिस्कबरोबर जाते, आणि पुष्कळदां डोकें सर्वांत अधिक खपलेलें असतें तें अपवादांवरच.

गिटनें स्वतःच्या सेटिंगासाठीं अशीच सोय २०१७ च्या २.१३ या आवृत्तीपासून दिली आहे. ‘.गिटकॉन्फिग’मध्यें ‘इन्क्लूडइफ’ म्हणून कचेरीच्या कामाचा फोल्डर सांगितला, तर त्या फोल्डरांतील भांडारांत कचेरीचा ईमेल पत्ता लागतो, आणि इतरत्र घरचा. कचेरीच्या कामावर घरचा पत्ता उमटणें ही लहान गोष्ट वाटते. परंतु नोंद एकदां झाली कीं ती सर्वांच्या प्रतींत जाऊन बसते.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याच्यासाठींच आम्ही लेखणी उचलली. मूळ प्रतींत गुप्त कांहींही असूं नये. आमच्या परिचयाच्या एका घरांतील तरुणानें उत्साहाच्या भरांत आपला सबंध ‘.कॉन्फिग’ फोल्डर भांडारांत घातला, आणि मित्रांस दाखवितां यावा म्हणून तें भांडार सर्वांस खुलें ठेविलें. त्यांत भाड्यानें संगणक देणाऱ्या एका सेवेचें प्रवेशपत्र होतें. दुसऱ्या दिवशीं तें त्याच्या ध्यानांत आलें. त्यानें ती फाईल काढून टाकली, पुन्हां कमिट केलें आणि निश्चिंत झाला. महिन्याअखेर बिल आलें तें त्याच्या वर्षाच्या कमाईस गिळणारें होतें. कोणा अज्ञातानें त्याच्या नांवावर मोठमोठीं यंत्रें रात्रंदिवस चालविलीं होतीं. पुढें पुष्कळ पत्रव्यवहार होऊन बरीचशी रक्कम माफ झाली, परंतु ते चार आठवडे त्या घरांत कोणास अन्न गोड लागलें नाहीं.

येथें चुकलें काय, तें नीट समजून घ्यावें. गिटचा सद्गुण हाच येथें शत्रु होतो. तें कांहीं विसरत नाहीं. आजच्या प्रतींतून फाईल काढली तरी कालची प्रत इतिहासांत जशीच्या तशी असते, आणि भांडार उतरवून घेणाऱ्या प्रत्येकास संपूर्ण इतिहास मिळतो. खुल्या भांडारांतून अशीं प्रवेशपत्रें शोधीत फिरणारे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात. इतिहास पुन्हां लिहिण्याचीं साधनें आहेत. परंतु कोणी आधींच उतरविलेली प्रत त्यांनीं परत येत नाहीं. म्हणून गुप्त गोष्ट बाहेर गेली तर प्रथम ती किल्ली रद्द करावी, कुलूप बदलावें, आणि मग झाडलोट करावी. किल्ली हरवल्यावर रस्ता झाडीत बसणारा मनुष्य चोरास वेळ देतो.

काय भांडारांत घालूं नये याची यादी वाचकांनीं आपल्या टेबलाजवळ लावावी. ‘.एसएसएच’ फोल्डरांतील खाजगी किल्ल्या, ‘.नेटआरसी’ आणि ‘.पीजीपास’ या पासवर्ड ठेवणाऱ्या फायली, ‘.एडब्ल्यूएस’ फोल्डरांतील ओळखपत्रांची फाईल. आणि शेलच्या इतिहासाची फाईल. या शेवटच्या फायलीकडे लोकांचें लक्ष जात नाहीं. घाईंत हुकुमाबरोबरच पासवर्ड लिहिला तर तो तींत उतरतो. बॅशमध्यें ‘हिस्टकंट्रोल’ या नांवास ‘इग्नोरस्पेस’ असें मूल्य दिलें असतां, आरंभीं मोकळी जागा सोडून लिहिलेला हुकूम इतिहासांत जात नाहीं. ही सोय अवश्य करावी. ‘.गिटइग्नोर’ फायलींत हीं सर्व नांवें लिहावीं, परंतु पहिल्या कमिटच्या आधीं. कारण जी फाईल भांडारानें एकदां आपली म्हटली, तिला ‘.गिटइग्नोर’ अडवीत नाहीं.

मग चार यंत्रांवर किल्ली न्यावी कशी? उत्तर असें, कीं नेऊंच नये. प्रत्येक यंत्रावर ‘एसएसएच-कीजेन’ या हुकुमानें तेथली किल्ली तेथेंच घडवावी, तिला परवलीचें वाक्य घालावें, आणि तिचा फक्त सार्वजनिक अर्धा सर्व्हरास द्यावा. मांडीवरचें यंत्र आगगाडींत चोरीस गेलें, तर सर्व्हरावरील ‘ऑथराइज्ड_कीज’ फायलींतून तेवढी एक ओळ खोडली कीं काम झालें. बाकीचीं तीन दारें तशींच चालू राहतात. एकच किल्ली चार ठिकाणीं ठेवणाऱ्यास चारही कुलपें बदलावीं लागतात. एक बारीक गोष्ट येथेंच सांगतों: फाईल चालविण्याजोगी आहे कीं नाहीं एवढेंच गिट लक्षांत ठेवितें, ती कोणी वाचावी हें ठेवीत नाहीं. खाजगी किल्ली इतरांस वाचतां येण्यासारखी असेल तर एसएसएच ती वापरण्याचें नाकारतें. फोल्डरास ७०० आणि किल्लीस ६०० ही परवानगी ‘सीएचमॉड’नें द्यावी.

या तीन नियमांस चौथा जोडतों, तो भाष्याचा. सूत्र जितकें लहान, तितकें त्यास भाष्य अधिक हवें. प्रत्येक विचित्र ओळीच्या वर ‘#’ हें चिन्ह देऊन, ती कां घातली हें मराठींत एका वाक्यांत लिहावें. ओळ काय करते तें यंत्रास कळतें. ती कां आहे तें लिहिणाऱ्यासच ठाऊक असतें, आणि तोही तें तीन वर्षांत विसरतो. याच न्यायानें दुसऱ्याच्या डॉटफायली सबंध उचलूं नयेत. जगांत पुष्कळ मंडळी आपल्या फायली उदारपणें खुल्या ठेवितात, आणि त्यांतून शिकण्यासारखें फार असतें. परंतु ज्या ओळीचा अर्थ आपणांस सांगतां येत नाहीं, ती आपल्या घरांत ठेवूं नये. त्यांतही ‘ही एक ओळ चालवा म्हणजे सर्व आपोआप मांडलें जाईल’ असें म्हणणारी लिपि न वाचतां चालविणें, म्हणजे अनोळखी मनुष्यास कोठीची किल्ली देऊन आपण बाजारास जाणें होय.

सर्व व्यवस्था लावून झाली म्हणजे परीक्षा घ्यावी. परीक्षेवांचून विद्या पुरी झाली असें आम्हीं चाळीस वर्षांत कोणाही विद्यार्थ्यास म्हणूं दिलें नाहीं. आपल्याच यंत्रावर एक नवें, कोरें खातें उघडावें. त्यांत शिरून भांडार उतरवावें, दुवे बांधावे, आणि घड्याळ लावून पाहावें, कीं आपलीं नित्याचीं कामें किती वेळांत सुरू होतात. पाव तासांत झालीं तर उत्तम. तासभर लागला तर कोठें अडलें तें लिहून ठेवावें, आणि तीं कामें एका लहानशा मांडणीच्या फायलींत ओळीनें घालावीं. खरी डिस्क मोडेल तो दिवस परीक्षेचा नसतो, निकालाचा असतो.

ज्यांस एवढें सारें एकदम झेपणार नाहीं, त्यांनीं येत्या रविवारीं तीनच फायली घ्याव्या: शेलची, लेखनाच्या प्रोग्रॅमाची आणि गिटची. त्या आधीं संपूर्ण वाचाव्या. एखादा पासवर्ड असल्यास काढून पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमांत ठेवावा. मग त्या भांडारांत घालाव्या आणि भांडार खाजगी ठेवावें. बाकीच्या फायली गरज पडेल तशा एकेक येतील. ज्या घरांत मुलें नोकरीनिमित्त परगांवीं वा परदेशीं आहेत, तेथील वडीलधाऱ्यांनीं त्यांस पुढील फोनांत प्रकृति, हवापाणी आणि जेवणखाण विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: “तुझी खाजगी किल्ली भांडारांत नाहीं ना?” उत्तर येण्यास क्षणभर उशीर झाला, तर फोन ठेवूं न देतां त्याच वेळीं ती किल्ली रद्द करवून घ्यावी.